बाहेरनं बघणारी माणसं

सुमन मंगळवारी सकाळी गेली. त्या दुपारी बबनतात्यांनी गाडी काढली नाही.

यातलं पहिलं वाक्य माझ्या घरातलं आहे आणि दुसरं शेजारच्या. सुमन माझी बायको. बबनतात्या आमच्या भिंतीपलीकडचे शेजारी, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गाडी म्हणजे त्यांच्या टीव्हीतली बस. पाच वर्षं तात्या रोज दुपारी दोन वाजता ती बस काढत आणि चार वाजता परत डेपोत लावत. सणवार, पाहुणे, ताप, कशासाठीही त्यांनी खाडा केला नव्हता. त्यामुळे मला भेटायला आलेल्या लोकांनी आधी सुमनबद्दल हळहळ व्यक्त केली आणि बाहेर पडताना उंबऱ्यातच एकमेकांना विचारलं, "तात्यांनी आज गाडी काढली न्हाई व्हय?"

मला त्या दिवशीसुद्धा राग आला. बायको माझी गेली होती. खाडा त्यांनी का करावा?

मी भोरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तकाचं कार्ड लिहिताना त्यावर आपलं मत लिहायचं नसतं. ही सवय मला जन्मभर पुरली, फक्त तात्यांच्या बाबतीत मोडली. मला या माणसाचा हेवा वाटत होता, अजून वाटतो, आणि हे लिहून झाल्यावर तो कमी होईल अशी माझी फारशी आशा नाही.

तात्या मूळचे विंझरचे. उंची बेताची, पोट थोडं पुढे, मिशा अजून काळ्या. आवाज असा, की समोर बसलेल्या माणसाशी बोलतानाही शेवटच्या सीटवर ऐकू गेला पाहिजे. बोलताना ते आपल्याकडे बघत नाहीत, आपल्या मागून कोणी ओव्हरटेक करतंय का ते बघतात. तीस वर्षं त्यांनी भोर-महाड आणि वेल्ह्याकडच्या गाड्या चालवल्या. निवृत्त झाल्यावर घरी बसून त्यांचे पाय सुजायला लागले. डाव्या पायाला क्लच नाही म्हणून सूज आहे, असं त्यांचं निदान होतं. मग त्यांच्या पुण्याच्या मुलीने व्हिडिओ गेमचं नवं यंत्र घेतलं तेव्हा आपलं जुनं बापाला आणून दिलं. टीव्हीला जोडायचं, दोन्ही हातांत रिमोट धरायचा आणि बस चालवायची.

मुलीला वाटलं होतं, बाबांचं मन रमेल. बाबा ड्यूटीवर रुजू झाले.

दोन वाजायला दहा मिनिटं असताना तात्या खाकी शर्ट अंगात घालत. खाली लेंगाच असे, कारण खालचं पॅसेंजरला दिसत नाही. चपला दाराबाहेर, टीव्हीला नमस्कार, टीव्हीच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची. मग लाकडी खुर्ची पुढे ओढून ते बसत आणि मान उजवीकडे वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकत, कारण तिथे आरसा असायला पाहिजे.

खेळ परदेशातला होता. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, हे तात्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पहिला महिनाभर ते आपल्या डाव्या बाजूने गेले आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनावर आदळले. भिंतीतून मला त्यांच्या शिव्या ऐकू यायच्या. एकदा अंगणात भेटल्यावर मला म्हणाले, "सर, लई बेशिस्त देश हाय. समदी राँग साईडनं येत्यात. येक माणूस सरळ चालवत न्हाई." मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाजू बदलली, पण नाराजीने. त्या देशाच्या रस्त्यांना त्यांनी आपली नावं दिली होती. घाटाला वरंधा, तळ्याला भाटघर, आणि एका पुलापाशी ते रिमोट एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने देवाला नमस्कार करत. त्या पुलाजवळ देऊळ नव्हतं. बहुतेक चर्च होतं.

खेळात एक बटण होतं. ते दाबलं की ड्रायव्हरच्या सीटवरून दिसणारा रस्ता नाहीसा होई आणि आपली बस बाहेरून, मागून दिसायला लागे, जणू आपण तिच्या मागे उडत चाललो आहोत. मुलीने सांगितलं होतं, असं चालवायला सोपं जातं, आजूबाजूचं सगळं दिसतं. तात्यांच्या अंगठ्याखाली ते बटण चुकून आलं तेव्हा मी तिथे होतो. वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो. बस त्यांच्यासमोरून पुढे चाललेली दिसली तसे तात्या खुर्चीतून उठले.

"आरं! माझी गाडी मला सोडून चालली!"

"तात्या, चालवताय तुम्हीच."

"मी हितं, गाडी तितं. मंग चालवतंय कोन?"

त्यांनी ब्रेक दाबला. रिमोटवरचा नव्हे, जमिनीवरचा. मग मुलीला फोन लावून ते बटण बंद करता येतं का विचारलं. येत नाही म्हटल्यावर त्यावर औषधाच्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. त्या दिवसापासून त्यांचा सिद्धान्त पक्का झाला. गाडी आतनंच बघायची. आत बसलं की घाट पोटात जाणवतो, वळणावर अंग कलतं, समोरून ट्रक आला की घसा कोरडा पडतो. बाहेरून बघितलं की ते नुसतं चित्र. "बाहेरनं समदेच डायवर," ते म्हणायचे आणि पुढचं वाक्य बोलायची गरज नाही असा चेहरा करायचे.

मला हे पटायचं, आणि पटायचं म्हणून त्रास व्हायचा. एकदा ते आमच्याकडे चहाला आले असताना मी त्यांना सांगितलं, की कादंबऱ्यांचंही असंच असतं. काही कादंबऱ्यांत 'मी' बोलतो. तिथे आपण त्याच्या डोक्यात बसून जग बघतो, त्याला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. काहींत 'तो' असतो. तिथे आपण त्याच्याबरोबर चालतो, पण बाहेरून, आणि त्याच्या मागे काय चाललंय तेही आपल्याला दिसतं. कॉलेजात ग्रंथालयात येणाऱ्या मुलांना हे सांगायला मला पाऊण तास लागायचा.

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "म्हंजी 'मी'वाली डायवरची. 'तो'वाली कंडक्टरची."

"कशी काय?"

"डायवरला निस्ता रस्ता दिसतुया. मागं कोन रडतंय, कोन झोपलंय, कुनाची पिशवी सांडली, त्याला काय ठावं? कंडक्टर सगळ्यांची तोंडं बगतो. वहिनी, बरुबर का न्हाई?"

सुमन दाराशी बसली होती. ती हसली. माझ्या पाऊण तासाला ती कधी हसली नव्हती.

ती शेजारी जायला लागली ती घंटीमुळे. एसटीत कंडक्टरने दोन घंट्या दिल्या की गाडी सुटते, एक दिली की थांबते. तीस वर्षं ज्याने दोन घंट्या ऐकल्याशिवाय गिअर टाकला नाही, त्याच्या हाताला टीव्हीतली गाडीही घंटीशिवाय काढणं जमेना. खेळात कंडक्टर नव्हता. सुरुवातीला तात्या तोंडानेच 'टिंग टिंग' म्हणत, पण आपणच आपल्याला घंटी दिल्यावर ते शरमत. ते खुर्चीत बसून राहत, पॅसेंजर चढलेले, दारं लागलेली, इंजिन सुरू, आणि तात्या मागे वळून रिकाम्या खोलीला ओरडत, "आरं, घंटी द्या की कुनीतरी!"

एका दुपारी सुमनने हातातली वाटी आणि चमचा घेऊन भिंतीवरून आवाज दिला, टिंग टिंग. पलीकडे गाडी सुटली. ती खूप वेळ हसत होती. दुसऱ्या दिवशी ती वाटी-चमचा घेऊन पलीकडेच गेली.

तेव्हा तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी जिने आणि चढ बंद केले होते. ती उत्रोलीची. लहानपणी भाताच्या बांधावरून शाळेला, बाजाराला, मामाच्या घरी, सगळीकडे चालत गेलेली. आता तिला अंगणापलीकडे जाता येत नव्हतं. दुपारी दोन ते चार मी तिला पुस्तक वाचून दाखवायचो. ती ऐकता ऐकता झोपायची, आणि मला वाटायचं, माझ्या आवाजात काहीतरी शांत करणारं आहे. त्याच दोन तासांत ती आता शेजारी जाऊन बसली आणि जागी राहिली.

हेवा मी जेवढा सभ्यपणे करता येईल तेवढा केला. पुस्तकांची कपाटं जोराने झटकली. पुस्तक एकट्यानेच मोठ्याने वाचलं, भिंतीकडे तोंड करून. पलीकडून टिंग टिंग, तात्यांचा हॉर्न, तिचं हसणं. शेवटी मी एक गोष्ट केली, ती सांगायला आजही लाज वाटते. स्वयंपाकघरातून एक वाटी आणली आणि भिंतीपाशी जाऊन चमच्याने एकदाच वाजवली. टिंग.

पलीकडे करकचून ब्रेक लागला.

"वहिनी, कोन उतरतंय?"

"मी नाही वाजवली."

"वाजली की. घाटात कुनाला उतरायचंय?"

पुन्हा दोन घंट्या, गाडी सुटली. मी पाच मिनिटं थांबून पुन्हा एक वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा तात्यांनी गाडी बाजूला घेऊन सगळ्या पॅसेंजरना दम भरला. थोड्या वेळाने आमचं दार उघडलं. सुमन दारातच थांबली, दम लागला होता तिला. ती म्हणाली, "अहो, वाटी इकडे द्या." मी दिली. "आणि हेवा वाटतो तर या की तिकडे. खुर्ची आहे."

मी म्हटलं, "मला वाचायचंय."

त्यानंतर तात्यांच्या मुलीने आणखी एक खेळ दिला. तो बसचा नव्हता. एक माणूस डोंगरातल्या गावांना पत्रं पोचवतो, एवढाच खेळ. ना शर्यत, ना मारामारी. चालायचं, पत्र द्यायचं, पुढच्या गावाला निघायचं. हे मला भिंतीतून कळलं, कारण तात्यांना तो खेळ पहिल्याच दिवशी आवडला नाही आणि त्यांचं न आवडणं बाजारपेठेपर्यंत ऐकू जातं.

"ह्यो म्होरं, आपण मागं! आपण काय त्याचं कुत्रं हाय का?"

सुमनला मात्र तो आवडला. त्यातही आतून-बाहेरून बघायचं बटण होतं, आणि तात्या तिला आपल्या पंथात ओढायचा प्रयत्न करत होते. "वहिनी, आत शिरा. त्याच्या डोळ्यातनं बगा. मंग कळंल डोंगर काय असतुया." तिने एकदा बघितलं असावं, कारण नंतर ती म्हणाली, "गरगरतं हो. आणि आतून नुसती वाट दिसते. चालणारा दिसत नाही."

"चालनारा कशाला दिसाया पायजे? चालनारी तुमी!"

"मला मागूनच बरं वाटतं. पाठ दिसते."

दोन वर्षं हे चाललं. तात्या एक तास बस चालवत, मग रिमोट तिच्याकडे. मी भिंतीपलीकडे पुस्तक उघडून बसत असे आणि कोणाच्या तरी पाठीचा विचार करत असे. एकदा जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोण आहे हा माणूस?"

"कुठला?"

"तुमच्या खेळातला. ज्याची पाठ बरी वाटते."

"आहे एक. चालतोय आपला." तिने माझ्या ताटात भात वाढला. "येऊन बघा."

मी दुसऱ्यांदा म्हटलं, मला वाचायचंय. तिने तिसऱ्यांदा बोलावलं नाही.

मग तो मंगळवार. नंतरचे दिवस माणसांचे आणि विधींचे होते. तात्या रोज येत, कोपऱ्यात बसत, बोलत नसत. त्यांच्या आवाजाचा माणूस बोलायचा थांबला की खोली मोठी वाटते. तेरावा झाला, पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी दोन वाजता भिंतीपलीकडे इंजिन सुरू झालं.

ते सुरू झालं आणि तसंच राहिलं. बस जागची हलेना. नुसती घरघर, दोन वाजल्यापासून चार वाजेपर्यंत. मग बंद. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तीन वाजता मला ते सहन होईना. मी चपला न घालता तात्यांच्या दारात गेलो. भांडायचं ठरवूनच गेलो होतो.

खाकी शर्ट, लेंगा, रिमोट. समोर रस्ता, पॅसेंजर बसलेले, दारं लागलेली.

"तात्या, एकतर चालवा, नाहीतर बंद करा."

"घंटी न्हाई, सर."

मी खुर्चीवर बसलो. तिची होती. मला जे विचारायचं होतं ते मी दोन वर्षं विचारलं नव्हतं, आणि आता ज्याला विचारता येईल असा एकच माणूस उरला होता. माझी बायको तिच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या सगळ्या दुपारी या खोलीत जागी होती. माझ्या खोलीत ती झोपत असे. तिला इथे काय मिळत होतं, हे कळल्याशिवाय मला तिच्याबद्दल धड रडताही येत नव्हतं.

मी म्हटलं, "तात्या, ती इथे काय बघायची?"

"न्हाई सर. राहू द्या."

"राहू द्या काय? मला बघायचंय."

"वहिनी म्हनल्या व्हत्या, सर आपनहून आलं तरच दावायचं. बोलवायला जाऊ नका म्हनल्या."

"मग आलोय ना."

"भांडाय आलाय तुमी."

हे खरं होतं. तात्यांनी बसचं इंजिन बंद केलं, खाकी शर्टाची वरची दोन बटणं काढली, आणि दुसरा खेळ लावला. पडदा काळा झाला, मग डोंगर उमटले. हिरवे, उतरते, आपल्या वेल्ह्याच्या बाजूला असतात तसे. एका पायवाटेवर एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता.

किडकिडीत. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काळी पँट. डाव्या खांद्याला पिशवी आणि त्या ओझ्याने खांदा थोडा खाली. केस पिकलेले, आणि टाळूवर मागच्या बाजूला बशीएवढं टक्कल.

माझा हात डोक्यामागे गेला. बोटांना कातडी लागली. मला टक्कल आहे हे मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं, आणि आपण आपल्याला मागून कधी बघत नाही.

"त्या टकलाला वहिनींनी दोन दिस लावलं," तात्या म्हणाले. "खेळात माणूस आपल्याला पायजे तसा करता येतुया. केस, कापडं, समदं. येवडं मोठं केलं, मंग म्हनल्या, नगं तात्या, त्यांना वाईट वाटंल, थोडं बारीक करू."

मी विचारलं, "मी?"

"मंग कोन? मी असा दिसतो व्हय?"

त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि माझा अंगठा एका खुंटीवर ठेवला. मी ती पुढे ढकलली. तो चालायला लागला. मी चालतो तसाच, झपाझप, मान खाली. लग्न झाल्यापासून भोरच्या रस्त्यांवर मी असाच पुढे चालत आलो. सुमन मागे दहा पावलांवर. नाक्यावर पोचलो की मी वळून बघायचो, ती आली का म्हणून, आणि ती दिसली की पुन्हा चालायला लागायचो. मला वाटायचं, मी थांबतो. तिला दिसत होती ती माझी पाठ. मी रस्ता बघत होतो.

"हितं तुमी त्यांच्या हुकमात व्हता," तात्या म्हणाले. "थांब म्हनलं की थांबायचं. लई हसायच्या. नदी आली की तुमाला पाण्यात उतरवायच्या, मुद्दाम. म्हनायच्या, भिजू दे पुस्तकं."

तो डोंगर उतरत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. दोन वर्षं जिच्यासाठी मी भिंतीला कान लावला, ती या माणसामागे गावोगाव चालली होती, दम न लागता. मला त्याचा हेवा वाटला. तात्यांचा जेवढा वाटला होता त्यापेक्षा जास्त.

"तात्या, तुम्ही मला सांगायचं होतं."

तात्या त्यांच्या मानाने हळू आवाजात बोलले.

"कशापायी सांगू? दोन वरसं मी बाजूला बसलो, सर. त्या बगायच्या कुनाकडं? घरी तुमी, हितं बी तुमीच. मला वाईट न्हाई वाटलं असं म्हनलं तर खोटं हुईल." ते टीव्हीकडे बघत होते. "माझी मंडळी गेली त्याला बारा वरसं झाली. आमचं विंझरचं घर रस्त्याला. मी वेल्ह्याची मुक्कामी गाडी न्यायचो ती घरावरनंच जायची. थांबायची सोय न्हाई, मी हॉर्न द्यायचो. ती अंगणात यायची. मला आरशात दिसायची, वळण येस्तोवर. आन् तिला काय दिसायचं? गाडी. मागनं. जाताना."

पडद्यावर तो माणूस पाठ करून उतरतच होता.

"त्या दिशी ते बटन दाबलं गेलं आन् मला गाडी तशी दिसली. पयल्यांदाच. तीस वरसांत म्या ती तितनं बगितलीच नव्हती. लई वंगाळ दिसतुया, सर. निस्ती जाती. वळून बगत न्हाई, काय न्हाई. मला वाटलं, हे रोज बगायची व्हय ती?"

बाहेर शेजारची कोणी बाई कपडे झटकत होती. तात्यांनी मिशांवरून हात फिरवला आणि आवाज पुन्हा चढवला. "वहिनी मातर ऱ्हायल्या बगत. त्यांना आवडायचं. मी म्हनायचो, काय बगता त्या पाठीत? म्हनायच्या, तात्या, तुमाला न्हाई कळायचं, तुमी आत बसनारं."

मी त्यांना विचारलं, "हा मागे वळतो का?"

"वळतो की. ती खुंटी आपल्याकडं वडा."

मी ओढली. तो थांबला, वळला, आणि आमच्याकडे चालायला लागला. पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला. चष्मा होता. चेहरा माझ्यासारखा फारसा जमला नव्हता. माझ्यापेक्षा मऊ होता. तो आमच्याकडे बघत चालत होता, डोंगर त्याच्या पाठीमागे सरत होते, पावलं पडत होती, आणि तो जवळ येत नव्हता. तो जेवढा पुढे येई तेवढी नजर मागे सरके. मधलं अंतर दहा पावलांचं होतं, ते दहाच राहिलं.

मी खुंटी सोडली नाही. बराच वेळ ओढून धरली.

"न्हाई येत त्यो," तात्या म्हणाले. "वहिनींनी बी लई येळा करून बगितलं. खेळच तसा हाय. मागनं बगायचं म्हनलं की येवडं अंतर ऱ्हातंच."

"मग ती काय म्हणाली?"

"हसल्या. म्हनल्या, वळलेत तरी."

मी रिमोट खाली ठेवला. तो माणूस वाटेवर थांबला, आमच्याकडे तोंड करून. तात्यांनी टीव्ही बंद केला नाही, मीही उठलो नाही. चार वाजून गेले होते.

तिचा खेळ अर्धाच झालेला आहे. पुढची गावं आम्ही उघडली नाहीत. मी त्या माणसाला रोज थोडा वेळ जुन्याच वाटांवरून चालवतो. तात्या अजून म्हणतात, आत शिरा, सर. मी अजून बाहेरूनच बघतो, आणि अजून आम्ही त्यावरून भांडतो. दुपारी दोन ते चार मी शेजारी असतो. त्या वेळात माझ्या घरात कोणी नसतं.